इंडिकस, इंडिका, इंडिकम

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरच्या रानात या झाडावरून त्या झाडावर झेपावणारी ही मोठी तांबूस खार शास्त्राच्या दप्तरात चढली ती १७७७ साली, ‘स्क्युरस इंडिकस’ या नावाने. नोंद करणारा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एर्क्सलेबेन. पुढे अशा मोठ्या खारींना नेहमीच्या खारींतून वेगळे काढून ‘राटुफा’ या नव्या प्रजातीत घातले गेले. हे प्रजातीनाम ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८६७ साली दिलेले. तेव्हापासून शेकरू ‘राटुफा इंडिका’ आहे. प्राणी तोच, देश तोच, पण ‘इंडिकस’ची ‘इंडिका’ झाली, कारण स्क्युरस पुल्लिंगी आणि राटुफा स्त्रीलिंगी. विशेष्याचे लिंग बदलले की विशेषणाने मुकाट्याने आपला प्रत्यय बदलायचा, हा लॅटिनचा दंडक.

टिटवीचे याच्या नेमके उलट झाले. १७८३ साली बोडार्टने तिला ‘ट्रिंगा इंडिका’ म्हटले. आज ती ‘व्हॅनेलस इंडिकस’ आहे. आपल्या मराठीत टिटवी स्त्रीलिंगीच राहिली, लॅटिनमध्ये मात्र पुल्लिंगी झाली.

‘भारताचा, भारतातला’ एवढाच अर्थ असलेले हे विशेषण आंब्याच्या, चिंचेच्या, कडुनिंबाच्या, तिळाच्या, घुशीच्या आणि खिल्लारी बैलाच्या शास्त्रीय नावात आहे. शिलालेखांच्या जाडजूड खंडांच्या पुठ्ठ्यांवर आहे, महासागराच्या जुन्या नकाशांवर आहे, आणि पुण्या-मुंबईत कुणालाही विचारले तर ते एका मोटारीचे नाव आहे. या शब्दाचा अर्थ, उच्चार आणि विभक्ती या तिन्ही अंगांनी फेरा मारला की एक मौज ध्यानात येते. अर्थाच्या बाबतीत या शब्दाने मनसोक्त घोळ घातले आहेत आणि ते सगळे खपवून घेतले गेले आहेत. व्याकरणाच्या बाबतीत मात्र एका अक्षराचीही सूट कुणी दिलेली नाही.

घराणे आधी पाहू. मुळात आपली सिंधू. इराणी बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणून ‘हिंदु’. आयोनियातल्या ग्रीकांच्या तोंडी हा ‘ह’ टिकेना, म्हणून नदी झाली ‘इन्दोस’ आणि तिच्या काठचा तो ‘इन्दिकोस’. हाच शब्द रोमनांनी उचलला आणि ‘ओस’च्या जागी आपला ‘उस’ लावून ‘इन्दिकुस’ केला. यातला ‘इक’ आपल्याला परका नाही. धार्मिक, नागरिक, सामाजिक यांतला ‘इक’ आणि ग्रीक-लॅटिनमधला हा प्रत्यय भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातले मानतात. म्हणजे शब्दाचा पुढचा भाग सिंधूचा आणि मागचा संस्कृतच्या चुलत घराण्यातला. परदेशातून आलेला पाहुणा म्हणून त्याचे स्वागत करायला जावे, तर तो निघतो भाऊबंद.

रोमन लेखकांकडे याच अर्थाचे आणखी एक आखूड विशेषण होते, ‘इन्दुस’. हस्तिदंत, मोती, मसाले असल्या चैनीच्या मालाच्या संदर्भात कवींना ते जवळचे वाटे. गद्यात, व्यापारात, औषधांत ‘इन्दिकुस’ जास्त चालले. त्यातही त्याचे नपुंसकलिंगी रूप ‘इन्दिकुम’ तर विशेषणाची पायरी सोडून सरळ नाम झाले. ‘इन्दिकुम’ म्हणजे ‘भारतीय (वस्तू)’, आणि ती वस्तू कोणती हे रोमन रंगाऱ्याला सांगावे लागत नसे. ती म्हणजे नीळ. इसवी सन ७९ मध्ये वारलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या पस्तिसाव्या भागात तिची माहिती दिली आहे. ही नीळ बोरूंच्या फेसाला चिकटलेल्या गाळापासून मिळते अशी त्याची समजूत होती. माल रोमला पोचला होता, झाडाची माहिती पोचली नव्हती. याच ‘इन्दिकुम’चे आयबेरियाच्या बोलींतून ‘इंडिगो’ झाले. टाटांनी १९९८ साली इंडिका आणली आणि २००२ साली तिच्याच अंगाची, मागे डिकी असलेली इंडिगो. या दोन मोटारी भाषेच्या अंगानेही सख्ख्या बहिणी आहेत. त्या गाड्यांतला इंडिकेटर मात्र या घरातला नव्हे. तो ‘दाखवणे’ या अर्थाच्या ‘इन्दिकारे’ या क्रियापदावरून आला आहे, आणि गंमत अशी की त्या क्रियापदाचे एकवचनी आज्ञार्थी रूप ‘इन्दिका’ असेच होते. संदर्भ नसेल तर ‘इन्दिका’ म्हणजे ‘भारतीय (स्त्री)’ की ‘दाखव’, हे केवळ शब्दाकडे पाहून सांगता येणार नाही.

आता उच्चार. इथे जरा रेंगाळायला हवे, कारण मराठी माणूस या शब्दात ‘ड’ घालतो आणि रोमन माणूस ‘द’ म्हणत असे. लॅटिनचे ‘त’ आणि ‘द’ दंत्य होते. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या लेकीबाळींत ते आजही दंत्यच आहेत. इंग्रजांची जीभ दातांच्या जरा मागे टेकते, आणि तो आवाज आपल्या कानाला मूर्धन्य भासतो. म्हणून इंग्रजीतून आलेला डॉक्टर ‘ड’चा आणि पोर्तुगीजांकडून आलेला पाद्री ‘द’चा. (बटाटा हाही पोर्तुगीजांकडूनच आला आणि तरी ‘ट’ घेऊन बसला, भाषेत असले हट्टी शब्द असायचेच.) आपण ‘इंडिका’ म्हणतो ते या अर्थाने लॅटिन वाचणे नव्हे, इंग्रजाने वाचलेले लॅटिन ऐकून म्हणणे आहे.

लॅटिन वाचण्याच्या तीन रीती आज प्रचारात आहेत. पहिली पुनर्रचित अभिजात रीत. सिसेरो-व्हर्जिलच्या काळी लोक कसे बोलत असतील याचा जुन्या व्याकरणकारांच्या नोंदी, शिलालेखांतल्या अशुद्ध जागा आणि इतर लिप्यांतली लिप्यंतरे तपासून लावलेला हा छडा. इरॅस्मसने १५२८ साली या प्रश्नावर पुस्तक लिहिले. विद्यापीठांत ही रीत रुळायला एकोणिसावे शतक सरत आले. दुसरी चर्चची, म्हणजे इटालियन वळणाची. दहाव्या पायसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा पुरस्कार केला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिन मिस्सा बव्हंशी याच वळणाने म्हटली जाई. तिसरी इंग्रजांची जुनी रीत, जी वकील, डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या तोंडी अजून आहे आणि जी आपल्या महाविद्यालयांत आली.

प्रथमेच्या एकवचनात या तिघांत फारसे भांडण नाही. इन्दिकुस, इन्दिकुस, इंडिकस. मधला ‘क’ सगळ्यांचा ‘क’च. विभक्ती चालवायला घेतली की वाटा फुटतात. षष्ठी एकवचन ‘इन्दिकी’. अभिजात रीतीत ‘क’ कधीच मऊ होत नाही, म्हणून ते ‘इन्दिकी’च राहते. चर्चच्या रीतीत इ-ए पुढे आले की ‘क’चा ‘च’ होतो, म्हणून ‘इन्दिची’. इंग्रजी रीतीत त्याच जागी ‘स’, म्हणून ‘इंडिसाय’. स्त्रीलिंगी षष्ठीचे तसेच: अभिजात ‘इन्दिकाइ’, चर्चचे ‘इन्दिचे’, इंग्रजी ‘इंडिसी’. लिहायला अक्षरे तीच, आणि तीन माणसे तीन शब्द बोलत आहेत असे वाटावे. आंब्याच्या ‘मॅन्जिफेरा’तही हाच प्रकार आहे. ‘मँगो’ला ‘धारण करणारी’ हा प्रत्यय जोडून ते नाव घडवलेले; अभिजात रीतीने वाचले तर ‘मांगिफेरा’ आणि आत दडलेला मँगो ऐकू येतो. आपल्याकडे रूढ झालेल्या ‘ज’ने तो झाकून टाकला.

आघाताचा नियम मराठी वाचकाला वृत्तांच्या भाषेत चटकन कळेल. लॅटिन शब्द दोनाहून अधिक अक्षरांचा असेल तर शेवटून दुसरे अक्षर पाहायचे. ते गुरू असेल तर आघात तिथे, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. ‘इन्दिका’मधला ‘दि’ लघू, म्हणून आघात ‘इन्’वर: इन्‌-दि-का. ‘इन्’ गुरू का, तर पुढे जोडाक्षर आहे म्हणून, नियम आपलाच. बहुवचनी षष्ठीत ‘इन्दिकारुम’ झाले की शेवटून दुसरा ‘का’ दीर्घ येतो आणि आघात तिकडे सरकतो.

यापुढची बारीक गोष्ट तर देवनागरीत लिहून दाखवताच येत नाही. प्रथमेतल्या ‘इन्दिका’चा शेवटचा स्वर ऱ्हस्व असतो आणि पंचमीतल्या ‘इन्दिका’चा दीर्घ. छापलेल्या पानावर दोन्ही सारखीच. पण यमाताराजभानसलगा लावून पाहा: प्रथमा म्हणजे गुरू-लघू-लघू, भगण; पंचमी म्हणजे गुरू-लघू-गुरू, रगण. रोमन कवीला विभक्ती कानानेच कळत असे. वृत्तात तो शब्द कुठे बसतो यावरूनच आज आपण तिचा माग काढतो. देवनागरीकडे ऱ्हस्व ‘आ’साठी चिन्ह नाही, त्यामुळे आपण दोन्ही ठिकाणी ‘का’ लिहून मोकळे होतो.

मग मराठीत लिहिताना, बोलताना कोणता उच्चार धरावा? माझे मत सरळ आहे: ‘इंडिका’ चालू द्यावे. वनस्पतींच्या लॅटिनवरचे सर्वांत प्रतिष्ठित पुस्तक विल्यम स्टर्नने १९६६ साली काढले. ही भाषा मुळात लिहिण्याची, तेव्हा उच्चार कानाला बरा वाटावा आणि समोरच्याला कळावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. ‘इन्दिका’ म्हणणाऱ्याने ‘इंडिका’ म्हणणाऱ्याला अडाणी समजू नये. ‘इंडिका’ म्हणणाऱ्याने तोच एक खरा उच्चार आहे असे वर्गात शिकवू नये.

विभक्तीकडे वळले की मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुष्कळ पुढे असतो. इंग्रजीत विशेषण हलत नाही. हिंदीत दोनच लिंगे. आपल्याकडे काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे… नव्हे, काळे मांजर; तीन लिंगे, तीन प्रत्यय. ‘इंडिकस, इंडिका, इंडिकम’ हे त्याच चालीचे. संस्कृत आलेल्याला तर यात नवे काहीच नाही: नवः, नवा, नवम् आणि लॅटिनचे नोवुस, नोवा, नोवुम शेजारी ठेवले की पुरे. गंमत अशी की त्याच अर्थाचे आपले ‘भारतीय’ मात्र मराठीत अविकारी आहे. भारतीय माणूस, भारतीय बाई, भारतीय झाड. ढिम्म हलत नाही.

पुल्लिंगी रूप हिंदी महासागराबरोबर चालवून पाहू. ओकेआनुस इन्दिकुस ही प्रथमा. महासागराचा: ओकेआनी इन्दिकी. महासागराला, कर्म म्हणून: ओकेआनुम इन्दिकुम. चतुर्थी आणि पंचमी दोन्हीला ओकेआनो इन्दिको. हाक मारायची झाली तर ‘इन्दिके’. स्त्रीलिंगात ‘फ्लोरा इंडिका’ घ्या, कारण रॉक्सबर्गच्या प्रसिद्ध ग्रंथाचे ते नाव आहे: फ्लोराइ इन्दिकाइ, फ्लोराम इन्दिकाम. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया एकच, ‘इन्दिकुम’. संस्कृतात वनम्-वनम् तसे. आणि नपुंसकाची बहुवचनी प्रथमा येते ‘आ’कारान्त, म्हणजे पुन्हा ‘इन्दिका’.

इथे शाळेतली एक जुनी गोष्ट उलगडते. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीसने ‘इंडिका’ नावाचा ग्रंथ लिहिला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेले असते. मूळ ग्रंथ हरवला. एरियन, स्ट्रेबो, डायोडोरस यांनी घेतलेले उतारे तेवढे उरले. त्या नावातले ‘इंडिका’ हे आंब्याच्या नावातले ‘इंडिका’ नव्हे. आंब्याचे स्त्रीलिंगी एकवचन आहे. मेगॅस्थेनीसचे नपुंसकलिंगी बहुवचन, ‘भारताकडच्या गोष्टी’. एरियनच्या पुस्तकालाही आज आपण ‘इंडिका’च म्हणतो.

विभक्तीचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र आपल्या इतिहासकारांच्या कपाटात आहे: ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’. ‘भारतीय शिलालेखांचा संग्रह’. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅमने अशोकाच्या लेखांचा पहिला खंड काढून ही माला सुरू केली. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तिचे तीन खंड सिद्ध केले: कलचुरी-चेदी लेखांचा १९५५ साली, वाकाटकांचा १९६३ साली, शिलाहारांचा १९७७ साली. त्या नावाकडे नीट पाहा. ‘इन्स्क्रिप्शनम’च्या शेवटी ‘उम’ आणि ‘इंडिकारम’च्या शेवटी ‘आरुम’. यमक जुळत नाही, म्हणून नवख्याला वाटते की चूक झाली. चूक नाही. दोन्ही षष्ठी, दोन्ही बहुवचन, दोन्ही स्त्रीलिंगी. फक्त नाम एका गणातले आणि विशेषण दुसऱ्या गणातले, म्हणून प्रत्यय वेगळे. विशेषण नामाशी लिंग, वचन आणि विभक्तीने जुळते, कानाला ऐकू येणाऱ्या शेवटाने नव्हे. लॅटिन शिकणारे बहुतेक जण इथेच ठेचकाळतात. गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ साली मिळालेली ‘पूर्वेकडील इंडियांचे पॅट्रिआर्क’ ही पदवी लॅटिनमध्ये ‘इन्दिआरुम ओरिएन्तालिउम’ अशी येते. तिथेही हाच मासला. आणि हा ‘आरुम’ प्रत्यय म्हणजे संस्कृतच्या ‘तासाम्’मधल्या ‘आसाम्’चा भाऊ. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘स’ पुढे ‘र’ झाला एवढेच.

आता शास्त्रीय नावांचा प्रांत. आपल्याकडे रोजच्या वाचनात हे विशेषण भेटते ते इथेच, आणि गोंधळही इथेच होतो. लिनीअसने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लान्टारम’मध्ये दोन शब्दी नावाची पद्धत वनस्पतींना सरसकट लावली: आधी प्रजातीचे नाव, ते नाम, मग जातीचे, ते पुष्कळदा विशेषण. विशेषण असेल तर ते नामाच्या लिंगाप्रमाणे चालले पाहिजे, असे वनस्पती आणि प्राणी या दोन्हींच्या नामकरण-संहिता सांगतात. म्हणून तीळ ‘सिसॅमम इंडिकम’, साळिंदर ‘हिस्ट्रिक्स इंडिका’, वशिंडाचा बैल ‘बॉस इंडिकस’. खिल्लारी असो, देवणी असो की डांगी, गायीलाही शास्त्रात ‘इंडिकस’च म्हणायचे, कारण लिंग त्या जनावराचे नसून ‘बॉस’ या शब्दाचे.

एखादी जात एका प्रजातीतून दुसरीत गेली की काय होते हे शेकरूवरून आपण पाहिलेच. औषधी वनस्पतींत ते पावलोपावली दिसते. अनंतमूळ लिनीअसच्या वेळी ‘पेरिप्लोका इंडिका’ होते, आज ‘हेमिडेस्मस इंडिकस’ आहे. दशमुळातला टेटू ‘बिग्नोनिया इंडिका’ होता, तो ‘ओरोक्झायलम इंडिकम’ झाला. पेटारी ‘सिडा इंडिका’ होती, ‘अब्युटिलॉन इंडिकम’ झाली. जुने नाव आणि नवे नाव यांत प्रत्यय वेगळा दिसला की पुस्तकात छपाईची चूक आहे असे समजून ‘दुरुस्त’ करणारे मुद्रितशोधक असतात. त्यांनी हात आवरावा.

पण मग शेवटाला ‘उस’ असलेल्या चिंचेला ‘टॅमरिंडस इंडिका’ का? ‘इंडिकस’ का नाही? कारण लॅटिनमध्ये झाडे स्त्रीलिंगी. फायकस, पायनस, क्वेर्कस, मोरस. नावाचा शेवट पुरुषी दिसला तरी रोमनांच्या भाषेत वृक्ष ही बाई. म्हणून वड ‘फायकस बेंघालेन्सिस’, पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’, उंबर ‘फायकस रेसिमोसा’. वड-पिंपळाला पुल्लिंगी मानणाऱ्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटेल. संहिता इथे रूढीच्या बाजूने आहे: प्रजातीच्या नावाचे जे लिंग परंपरेने चालत आले तेच धरायचे. याच्या उलट फसवणूक ग्रीकमधून आलेल्या ‘मा’कारान्त नावांत होते. मधुमेहावरची म्हणून विकली जाणारी गुडमार ‘जिम्नेमा सिल्वेस्ट्रे’. ‘जिम्नेमा’ दिसते स्त्रीलिंगी, आहे नपुंसकलिंगी.

जातिनाम विशेषणच असते असेही नाही, आणि नसेल तर ते जागचे हलत नाही. जांभळाच्या ‘सिझिजियम क्युमिनी’तले ‘क्युमिनी’ म्हणजे ‘जिऱ्याचे’, षष्ठीतले नाम. ‘टर्मिनालिया अर्जुना’तला अर्जुन नुसता शेजारी उभा राहिलेला. भीमाशंकरच्या शेकरूला कर्नल साईक्सने १८३१ साली दिलेले ‘एल्फिन्स्टोनी’ हेही षष्ठीच: मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे. गावांवरून केलेली ‘एन्सिस’ची विशेषणे तिसऱ्या तऱ्हेची, त्यांत पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच आणि नपुंसकलिंग वेगळे. कासच्या पठारावरचा वायतुरा ‘सातारेन्सिस’, पण कोकणच्या सड्यावरची दीपकाडी ‘कोंकनेन्से’, कारण ‘डिपकाडी’ हे प्रजातीनाम नपुंसकलिंगी. मराठी लेखांत या ‘न्से’चा सर्रास ‘न्सिस’ झालेला दिसतो.

आता अर्थ. इथे सगळी शिस्त संपते.

चिंचेपासूनच सुरुवात करू. अरब व्यापाऱ्यांनी तिला ‘तम्र हिंदी’ म्हटले, भारतीय खजूर. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात हे नाव फोडून सांगितले आहे: झाडाचे किंवा फळाचे खजुराशी साम्य नाही, पण आत चिंचोके असतात म्हणून अरबांना दुसरे नाव सुचले नाही. चार वर्षांनी क्लुसिअसने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि गोव्यातले हे ज्ञान युरोपभर गेले. पुढे लिनीअसने ‘तम्र हिंदी’चे ‘टॅमरिंडस’ केले आणि वर ‘इंडिका’ जोडले. म्हणजे भारतीय खजूर, भारतीय. दोनदा ग्वाही दिली. आणि बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते झाड मुळात उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतले.

कर्दळ ‘कॅना इंडिका’, पण ती अमेरिकेची. फड्या निवडुंगाच्या गोतातला ‘ओपन्शिया फायकस-इंडिका’ मेक्सिकोचा. हा कोलंबसच्या चुकीचा वारसा. त्याने पश्चिमेला गाठलेल्या बेटांनाही ‘इंडीज’ म्हटले आणि पुढची तीन शतके युरोपात ‘इंडिकस’ म्हणजे पूर्वेचे की पश्चिमेचे हे विचारून घ्यावे लागे. मलायातला काळा-पांढरा टेपीर ‘टॅपिरस इंडिकस’. तो भारतात नाहीच, त्याचे राज्य मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रा. इथे ‘इंडिया’ म्हणजे मसाल्याच्या बेटांपर्यंत पसरलेला सगळा पूर्व मुलूख. कोचीनचा डच कमांडर व्हान ऱ्हेडे याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत काढलेला ‘हॉर्टस इंडिकस मलबारिकस’ मात्र नावाला जागला. त्यात एक सोडून दोन स्थलविशेषणे, दोन्ही ‘हॉर्टस’ म्हणजे बाग या पुल्लिंगी नामाशी जुळवलेली. आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट या कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी अक्षरांत छापलेली. ‘इंडिकस’ म्हणजे नेमका कुठला हे शेजारच्या ‘मलबारिकस’ने बांधून टाकले. लिनीअसने या ग्रंथाचा आधार घेतला, नेमकेपणा घेतला नाही.

सर्वांत त्रासदायक प्रकरण सीतेच्या अशोकाचे. कित्येक पिढ्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत तो ‘सराका इंडिका’ होता. पण लिनीअसचा ‘सराका इंडिका’ आग्नेय आशियातला, वेगळ्याच जातीचा. आपला अशोक रॉक्सबर्गने ‘जोनेसिया असोका’ म्हणून नोंदवला होता. १९६०च्या दशकात डी विल्ड या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने गुंता सोडवून त्याला ‘सराका असोका’ केले. म्हणजे ज्याच्या नावात ‘भारतीय’ आहे तो भारताबाहेरचा आणि जो भारताचा आहे त्याच्या नावातून ‘भारतीय’ गेले. ‘असोका’ हे नाम असल्यामुळे प्रजाती बदलली तरी ते तसेच राहिले. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत ‘सराका इंडिका’ अजून भेटते, आणि औषधांच्या बाबतीत हे चालवून घेण्याजोगे नाही.

असली चुकीची नावे बदलत का नाहीत? कारण संहितेत स्पष्ट म्हटले आहे की नाव अयोग्य आहे, आवडत नाही किंवा अर्थाने दिशाभूल करते एवढ्या कारणावर ते टाकता येणार नाही. अशोकाचे नाव बदलले ते अर्थ चुकला म्हणून नव्हे, दोन वेगळ्या जाती एका नावाखाली आल्या होत्या म्हणून. कर्दळ अमेरिकेची ठरली तरी ‘इंडिका’च राहील. पण उद्या कुणी ‘कॅना इंडिकस’ छापले, तर तो प्रत्यय आपोआप दुरुस्त मानायचा. त्यासाठी ठराव नको, शोधनिबंध नको. भूगोलाला माफी, व्याकरणाला नाही. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच द्यायची सक्ती २०१२च्या आरंभापासून गेली, इंग्रजीही चालू लागले. नावाच्या शेवटच्या अक्षराची सक्ती राहिली.

अर्थाकडे पाहून नावे बदलण्याचा एक अपवाद अगदी अलीकडचा आहे. आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरलेल्या शब्दावरून आलेली ‘काफ्रा’, ‘काफ्रम’ अशी विशेषणे दोनशेहून अधिक वनस्पतींच्या नावांत होती. २०२४ साली माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान होऊन ती काढायचे ठरले. केले काय, तर सुरुवातीचे ‘क’ तेवढे उडवले. आपल्या पांगाऱ्याची आफ्रिकी बहीण ‘एरिथ्रिना काफ्रा’ होती, ती ‘एरिथ्रिना अफ्रा’ झाली. आणि जिथे ‘काफ्रम’ होते तिथे ‘अफ्रम’.